डोक्याला न लागलेला बॉल

तो बॉल मनोहरच्या डोक्याला लागला नव्हता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तिच्या भावाला तर नाहीच. लागला होता असं मी मैदानावर रेफ्रीला सांगितलं, आणि त्या एका वाक्यावरून दोन जिवाभावाचे मित्र तुटले. ते अजून तुटलेलेच आहेत.

मी शाळेत पी.टी. शिकवतो आणि सुटीच्या दिवशी फुटबॉलच्या मॅचेसना पंच म्हणून जातो. नवेगाव बांधाकडची माझी सासरवाडी म्हणजे फुटबॉलसाठी वेडं झालेलं गाव. धान कापून झालं की शेताच्या दोन-तीन बांध्या सपाट करायच्या, बांबूचे गोल ठोकायचे आणि मंडईच्या, म्हणजे गावच्या वार्षिक जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी फायनल खेळवायची. पाहणारे कडेच्या धुऱ्यांवर, मातीच्या बांधांवर बसतात. पोरीचं लग्न जुळवतानाही 'मुलगा कोणत्या पोझिशनवर खेळते?' असं विचारणारं हे गाव.

मी त्या फायनलला पाहुणा म्हणूनच गेलो होतो. आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनी कोंबडा कापला होता. सकाळी मैदानावर पोचलो तर मुख्य रेफ्री उईके सर माझी वाटच पाहत होते. एक लाइनमन आला नव्हता.

"सर, झेंडा घ्या."

"अहो, सासरवाडी आहे माझी. साळा कॅप्टन आहे."

"इथं कोणाचं कोण नाही सर? समोरच्या टीमचा गोलकीपर माझ्या व्याह्याचा पुतण्या आहे. नाती पाहत बसलो तर मॅच कोण खेळवंल?"

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी झेंडा घेतला.

समोरची टीम पलीकडच्या गावची. माझ्या पाठीमागच्या धुऱ्यावर नेमकी त्यांचीच माणसं बसली होती. मॅच सुरू व्हायच्या आधीच एक म्हातारा ओरडला, "अरे, आज त जवाईबापू लाइनवर हायत! काल कोंबडा खाल्ला, आज गोल वाढतीन!" धुरा हसला. मीही हसलो. पण कोंबडा खरंच खाल्ला होता.

त्यानंतर मी मॅच पाहत नव्हतो, स्वतःलाच पाहत होतो. सासरवाडीच्या बाजूनं एखादा निर्णय गेला की मागून "वाढा जी, वाढा!" असा आवाज यायचा. झेंड्याची काठी घामानं ओली झाली होती.

आता थोडं नियमाचं. पास निघतो त्या क्षणी आपला खेळाडू समोरच्यांच्या बचावफळीच्याही पुढे, गोलजवळ उभा असेल तर ऑफसाइड. लाइनमन झेंडा वर करतो आणि गोल रद्द होतो. पण बॉल रेषेबाहेर गेल्यावर हातानं आत फेकतात, तो थ्रो-इन. थ्रोवरून थेट बॉल घेणाऱ्याला ऑफसाइड नसतो. मध्ये त्याच्याच टीममधल्या कुणाला बॉल लागला, तर मात्र नियम पुन्हा लागू होतो.

ही युक्ती माझ्या साळ्याला, हेमराजला, मीच शिकवली होती. "थ्रो असला की बिनधास्त पुढे उभा राहा," असं सांगितलं होतं. मनोहर त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांची शेतं एका धुऱ्यानं जोडलेली. मधल्या जागेवर मनोहर उडी मारून बचाववाल्यांना गोंधळात टाकायचा आणि त्यांच्या मागे, गोलजवळ, हेमराज मोकळा राहायचा.

मॅच संपत आली होती, स्कोअर बरोबरीत होता. माझ्याच बाजूनं लांब थ्रो आला. मनोहर उडाला. बॉल त्याच्या डोक्यावरून स्वच्छ निघून गेला. हेमराजनं पायाचा आतला भाग लावला. गोल!

आणि माझा झेंडा वर होता.

तो कधी गेला ते मला कळलं नाही. हेमराज एवढा मोकळा, एवढा पुढे दिसला आणि मागे तो धुरा होता. हात आपोआप गेला. खाली घ्यायला एक क्षण होता, तोही मी घेतला नाही.

उईके सर धावत आले. हळूच म्हणाले, "सर, थ्रो होता ना? थ्रोवर कायचा ऑफसाइड?"

"चुकलो" एवढंच म्हणायचं होतं. पंच चुकतात. पण मग धुरा म्हणाला असता, पाहा, जवाईनं झेंडा मागं घेतला.

मी म्हणालो, "मध्ये त्यांच्याच पोराच्या डोक्याला लागला."

"नक्की?"

"नक्की."

गोल रद्द झाला. पुढच्याच हल्ल्यात समोरच्यांनी गोल केला आणि कप नेला.

दुसऱ्या कुणाला गावानं मारलं असतं. पण गावचा जावई. मला कुणी बोटही लावलं नाही. मनोहर तेवढा ओरडत होता, "माह्या केसालेही नाही लागला जी! आईची शपथ!"

हेमराज त्याच्यासमोर उभा राहिला. "मंग भाऊजी खोटं बोलून राहिले काय?"

"मी खोटं बोलून राहिलो काय?"

"आपल्याच सासऱ्याच्या गावाले कोणी हरवते काय? तुले लागला अन् तुले समजलं नाही. नाहीतर उडी खेळासाठी नाही, दिखाव्यासाठी मारली तू."

मनोहरनं त्याची कॉलर धरली. माणसांनी सोडवलं. मी झेंडा गुंडाळत होतो.

त्याच संध्याकाळी पलीकडच्या गावानं माझा सत्कार केला. 'साळ्याचा गोल नाकारणारा पंच.' शाल घेताना मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला. जिल्ह्यात माझं नाव झालं. नव्या पंचांच्या ट्रेनिंगला मला बोलावतात आणि ओळख करून देणारा हाच किस्सा सांगतो. मी बसल्या जागी चुळबूळ करतो.

सासरवाडीत आता दोन टीम आहेत. एक हेमराजची, एक मनोहरची. कुठलीच फायनलपर्यंत पोचत नाही. शेतातला सामाईक धुरा दोघांनी कुंपण घालून वाटून घेतला आहे.

मनोहर मला एकदा अर्जुनीच्या बाजारात भेटला. हातात वांग्यांची पिशवी होती. नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, राग नाही. फक्त सांगा, खरंच लागला होता काय? आता मलेच वाटून राहिलं, का लागला असंल."

इतक्या वर्षांत मला मिळालेली ती सर्वांत सोपी संधी होती.

"मला तरी तसं दिसलं," मी म्हणालो.

"हाव जी," तो म्हणाला आणि गेला.

पहिलं खोटं घाबरून निघालं होतं. हे बाजारात, उन्हात, कुणीही पाठीमागे नसताना निघालं. झोप उडवतं ते हे दुसरं.

नव्या पंचांना मी एक गोष्ट मात्र मनापासून शिकवतो. आपल्या माणसाला झुकतं माप देणारा पंच लोकांना लगेच दिसतो. स्वतः स्वच्छ दिसावं म्हणून आपल्याच माणसावर अन्याय करणारा दिसत नाही. त्याला शाल मिळते. सासरवाडीत झेंडा घेऊ नका.

मनोहरला मी एक वाक्य देणं लागतो: "तुला बॉल लागला नव्हता, मी खोटं बोललो." ते हेमराजच्या समोर, गाव ऐकेल असं म्हणायचं आहे. इथे लिहिलं, पण तिथे जाऊन अजून म्हटलेलं नाही.