बिनखिडक्यांचा पहिला मजला

ड्राफ्ट्समनच्या गोष्टी प्रिंटच्या गुंडाळ्यांसारख्या असतात. माळ्यावरून एक ओढायला जावं, तर चार डोक्यात पडतात. परवाच्या रविवारी तसंच झालं. विलासने गंगापूर रोडवरच्या नव्या फ्लॅटवर मिसळ खायला बोलावलं आणि मिसळ झाल्यावर लॅपटॉप उघडून म्हणाला, "ओळखा पाहू!"

पडद्यावर किल्ल्याच्या करड्या दगडी भिंती, समोर एक दार आणि खाली मधोमध आपल्या हातातली बंदूक. आमचा जुना बंदुकीचा गेम! पंच्याण्णव साली ऑफिसात लपूनछपून खेळलेला. भिंतींमधून चालत जायचं, शिपाई दिसला की गोळी घालायची आणि बाहेर पडायचं दार शोधून पुढच्या मजल्यावर जायचं, बस्स. तेव्हा आम्हाला वाटायचं, विज्ञान आता याच्या पुढे काय जाणार!

आता दोन हजार आठ साली बघतो तर शिपाई जवळ आला की त्याच्या तोंडाच्या जागी चार चौकोन. "हा चेहरा आहे का फरशीचं पॅटर्न?" मी म्हणालो. विलास तरी जोशात पळत सुटला. दोन मिनिटांनी थांबला आणि आत हाक मारून बायकोला म्हणाला, "अगं, लिंबू आहे का? गरगरतंय!"

तिसरे होते खैरनार भाऊ. ते सोफ्यावर शांत बसून चष्मा पुसत होते. या गेमचे खरे किस्से त्यांचे. आम्ही नुसत्या गोळ्या घातल्या.

*

आमचं ऑफिस एका आर्किटेक्ट साहेबांचं. साहेब कमी बोलायचे आणि हातात कायम लाल पेन्सिल. त्यांनी ऑफिसातला पहिला कॉम्प्युटर घेतला. त्याला स्वतंत्र खोली, एसी, चपला बाहेर! नारळसुद्धा बाहेरच्या पायरीवर फोडला, पाणी उडू नये म्हणून.

मग साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "दिवाळीनंतर ड्रॉइंग बोर्ड काढून टाकणार. ज्याला कॉम्प्युटर जमेल, तो राहील."

मी आणि विलास तरुण होतो, आम्हाला काय! पण खैरनार भाऊंचा चेहरा पडला. सटाण्याहून आलेला माणूस, बावीस वर्षं बोर्डावर वाकलेला. अक्षर असं की क्लायंट विचारायचे, "हे छापून आणलं का?" आणि त्या हातात माउस दिला, की बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. भाऊ माउस उचलून बघायचे, पुसायचे, परत ठेवायचे. बाण कोपऱ्यातच.

*

विलास म्हणाला, "भाऊ, आधी यात चालायला शिका. रेषा मागून काढू." आणि त्याने फ्लॉपीवरून हा गेम टाकला. फ्लॉपीवर लेबल लावलं 'जुना बंगला', कुणाला संशय नको म्हणून.

भाऊ खेळायला बसले. पडद्यावर डावीकडे वळायचं असलं की स्वतः डावीकडे झुकायचे. तिसऱ्या वळणाला स्टुलावरून खाली! पडल्या पडल्या पडद्याकडे बोट दाखवून ओरडले. भाऊ चिडले की थेट अहिराणीत जायचे.

"आठे एक बी खिडकी नई! प्लॅन पास कोनी करा?"

दुसऱ्या दिवशी आणखी आत गेले, तर नवीन तक्रार. "एवढा शिपाई शेतस, आनि संडास एक बी नई!"

गोळी मात्र त्यांनी कधी घातली नाही. शिपाई समोर आला की मागे सरायचे. विलास बोंबलायचा, "भाऊ, मारा! मारा!" भाऊ म्हणायचे, "तो बिचारा ड्युटीवर शे. त्याले काबर मारू?" आणि तो बिचारा यांना गोळी घालायचा.

*

साहेब यायला लागले की आमची एक खुणेची आरोळी होती, "अमोनिया सुटलाय!" प्रिंट काढायच्या मशीनमध्ये अमोनिया असायचा, त्यामुळे कुणी ऐकलं तरी काही वाटायचं नाही. आरोळी आली की गेम बंद, माना बोर्डावर.

एक दिवस मशीनची नळी निसटली आणि अमोनिया खरोखरच सुटला. मशीनजवळ उभा असलेला विलास जीव तोडून ओरडला, "अमोनिया सुटलाय!"

आम्ही टुणकन उड्या मारून जागेवर बसलो आणि रेषा मारायला लागलो. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, पण मान वर करायची नाही! साहेब आले, तोंडावर रुमाल धरून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "कामाचं एवढंही मनाला लावून घेऊ नका. बाहेर या."

*

भाऊ गेममध्ये सारखे वाट चुकायचे. आता ड्राफ्ट्समन वाट चुकला तर काय करेल? त्यांनी प्लॅन काढला!

"दार तीन फुटी धरायचं," ते म्हणाले, "की बाकी सगळं निघतं." एक हात बटणावर, एक हात पेन्सिलवर. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत किती पावलं, ते मोजत महिनाभर त्या किल्ल्यात हिंडले. मग ट्रेसिंग पेपरवर शाईने अख्खा पहिला मजला उतरवला. दारांना नंबर, भिंतींना जाडी, कोपऱ्यात उत्तर दिशा! खाली त्या देखण्या अक्षरात लिहिलं, 'पहिला मजला'. क्लायंटच्या नावाची जागा कोरी.

तो प्लॅन शेजारी ठेवून मी आणि विलास धडाधड जिंकायला लागलो. भाऊ मात्र तसेच. दिवाळी महिन्यावर आली होती आणि माउसवर त्यांना साधा चौकोन जमत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत एकदा हळूच म्हणाले, "या वयात दुसरं काय येतं रे मला?"

*

आणि मग येवल्याचे शेठ आले.

शेठचं पैठण्यांचं दुकान, नाशिकला बंगला बांधायचा होता. त्यांना प्रिंटचा सेट द्यायचा होता. तळमजला, पहिला मजला, गच्ची. विलासने घाईत ट्रेसिंग उचलले आणि शेठच्या पहिल्या मजल्याऐवजी भाऊंचा पहिला मजला छापून सेटमध्ये लावला.

शेठसोबत वास्तू बघणारे एक गुरुजी होते. साहेबांसमोर त्यांनी प्रिंट पसरली आणि बराच वेळ मान हलवत राहिले. आम्ही दाराच्या फटीतून बघत होतो. शेवटी गुरुजी म्हणाले, "नैर्ऋत्य जड आहे, ते उत्तम. ईशान्येला दार, तेही उत्तम. फक्त देवघर कुठे ते कळेना."

शेठ म्हणाले, "देवघर बसवू कुठंतरी. मला हाच प्लॅन पायजे! चोर आत आला तर पुन्हा बाहेर निघायचा नाय!"

साहेबांनी शेठना चहा पाजला, "दुरुस्त करून पाठवतो" म्हणाले आणि ते गेल्यावर प्रिंट घेऊन बाहेर आले. "हे कुणी काढलं?"

विलास उठणार, एवढ्यात भाऊच उठले. "साहेब, मी."

"आत या." आणि केबिनचं दार लागलं.

अर्धा तास! मला रडू यायचं बाकी होतं. चूक विलासची, चैन आमची आणि नोकरी जाणार भाऊंची! भाऊ बाहेर आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि सरळ कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. काय झालं ते सांगेनात. दिवाळी झाली, बोर्ड गेले, भाऊ राहिले. रिटायर होईपर्यंत राहिले. त्या अर्ध्या तासाबद्दल मात्र अक्षर नाही. साहेब आहेत तोवर बोलणं बरं नाही, एवढंच म्हणायचे. साहेब गेल्या वर्षी वारले.

*

तर परवा विलास लिंबू चोखत पडल्यावर भाऊंनी लॅपटॉप पुढे ओढला. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी बोटं बरोबर जागेवर. सावकाश चालत एका बोळाच्या टोकाला गेले. पुढे कोरी भिंत. त्यांनी बटण दाबलं आणि भिंत मागे सरकली. आत अख्खी खोली!

मी ओरडलो, "भाऊ, ही खोली प्लॅनमध्ये नव्हती!"

"नव्हती," भाऊ म्हणाले. "साहेबांनी काढायला लावली."

भाऊ पडद्यावरची नजर न काढता सांगायला लागले.

"दार लावलं, प्रिंट टेबलावर पसरली. मी हात जोडून उभा. घरी काय सांगायचं, तेच डोक्यात. साहेबांनी लाल पेन्सिल घेतली. म्हणे, 'खैरनार, दोन खोल्यांच्या मधे चौदा फूट भरीव? एवढी जागा कोणी फुकट घालवतं का?' मी म्हटलं, 'चुकलं साहेब.' त्यांनी तिथं गोल केला. म्हणे, 'आत खोली असणार. भिंत दाबून बघा.'"

विलास लिंबू विसरून उठून बसला. "मग?"

"मग म्हणे, 'दुसरा मजला सोमवारपर्यंत द्या. हाताने नको, कॉम्प्युटरवर काढा, वेळ लागला तरी चालेल. पण नक्की द्या. मी चार दिवस तिथंच अडकलोय.'"