धवलारीण आणि व्हेरोनाची बाई

मुलांनो, तुम्ही पाठवलेला ऑपेराचा व्हिडिओ मी एकटीने पाहिला नाही. शेजारी माझ्या जाऊबाईंना, म्हणजे तुमच्या मोठ्या आजीला बसवलं. त्या आमच्या पूर्णा गावच्या धवलारीण. आमच्याकडे धवलारणीने धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. पण या वेळी सख्ख्या नातवाचं लग्न ठरलं आणि त्या म्हणाल्या, "माजा आवाज फाटला. डीजे लावा." नातू तोंडदेखलं "नको गं आजी" म्हणाला आणि संध्याकाळच्या आत डीजे ठरवून आला. मला ते पटलं नव्हतं.

सवयीप्रमाणे मी आधी माहिती सांगितली. इटलीत व्हेरोना गावात रोमन लोकांनी बांधलेलं दोन हजार वर्षांचं दगडी रिंगण आहे. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे ऑपेरा करून पाहिला, तो लोकांना इतका आवडला की आता दर उन्हाळ्यात हजारो माणसं उघड्या आभाळाखाली, तापलेल्या पायऱ्यांवर येऊन बसतात.

"माइक कुटं हाय?"

"त्यांची रीत बिनमाइकची."

जाऊबाई पुढे सरकून बसल्या. गावातल्या गोडाऊनला लागणाऱ्या ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून गायलेली बाई ती.

"ही जाडी कोन?"

"नायिका. सोळा वर्षांची."

"हिची सून आसंल सोळाची!"

शेवटी नायिकेच्या पोटात सुरी गेली, तरी ती गातच राहिली. "आगं, पानी तरी पाजा कुनी!" जाऊबाई ओरडल्या. मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "फाटला."

"काय?"

"आवाज. वर जाऊन फाटला. मागं घे."

मी मागे घेतलं. खरंच, वरच्या सुरावर किंचित चिरकला होता. ती मात्र तशीच पुढे गेली आणि सगळं रिंगण उभं राहून टाळ्या वाजवत होतं. जाऊबाईंनी तेवढाच तुकडा तीनदा पाहिला आणि घरी गेल्या.

हळदीच्या दिवशी त्यांनी डीजेवाल्याला पंगतीत बसवलं आणि स्वतः नातवाच्या पाटाजवळ बसून धवला धरला. आवाज दोनदा फाटला. त्या थांबल्या नाहीत.

तासाभराने अंगावरची हळद वाळलेल्या नातवाने मला हळूच विचारलं, "छोटी आजी, हे संपतं कधी?"

जाऊबाईंनी गाता गाताच त्याच्या डोक्यात टपली मारली.