मिलानमध्ये बरा झालेला पेशंट

‘तुमचा पेशंट चोरून खातोय,’ डॉ. हॅन्सन म्हणाले आणि रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला.

‘मला नाही वाटत,’ मी म्हटलं.

‘मग आकडा का वाढतोय?’

मी रिपोर्ट उचलून जुन्या आकड्यांशी ताडून पाहिला.

मी तेव्हा मिनेसोटात, ईडन प्रेरीमधल्या एका क्लिनिकमध्ये डाएटिशियन होते. साल २००५. पेशंट होता नचिकेत. मूळचा नागपूरचा, तिशीतला, एका सॉफ्टवेअर कंपनीत एच-वन व्हिसावर. त्याला सीलिअ‍ॅक होता. गहू, बार्ली आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिअ‍ॅकच्या पेशंटचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि लढाईत स्वतःच्याच आतड्याचं अस्तर खराब करून घेतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, रक्त कमी, वजन कमी. यावर गोळी नाही. ग्लूटेन जन्मभर बंद, एवढाच उपाय. आणि बंद म्हणजे कणभरसुद्धा नाही. रक्तात एक अँटिबॉडी मोजतात. पथ्य नीट असेल तर तो आकडा हळूहळू उतरतो. नचिकेतचा चढत होता.

पहिलं वर्ष तो माझ्या आधीच्या डाएटिशियनकडे जायचा. ती नोकरी सोडून गेली आणि फाइल माझ्याकडे आली. तोही माझ्यासारखा मराठी, त्यामुळे मला खरं सांगेल, असा डॉक्टरांचा हिशेब होता.

तो आईला घेऊन आला. काकूंचे यजमान नुकतेच गेले होते, म्हणून त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. बारीक चणीच्या, कॉटनच्या साडीवर मुलाचा जाड स्वेटर घातलेला. मी काही विचारायच्या आत त्याच बोलायला लागल्या.

‘मी घरात गव्हाचा दाणा ठेवला नाही, बाई. पोळपाट नवा, तवा नवा. मीही पोळी सोडली. भात आणि ज्वारीची भाकरीच खातो आम्ही. तरी हा असा काहून वाळून राहिला?’

‘मसाले कुठले वापरता काकू?’

‘घरचे. खडा मसाला आणून मीच दळते. विकतचं काही नाही.’

नचिकेत खाली बघत होता. त्याची पँट पट्ट्याजवळ चुण्या पडून गोळा झाली होती. तो म्हणाला, ‘ताई, मी ऑफिसात कॉफीशिवाय काही घेत नाही. मंडळाच्या गणपतीत नुसता बसून आलो. सगळे म्हणत होते, एवढ्याशा कणकेच्या मोदकाने काय होतंय. आता मी जाणंच बंद केलंय.’

माझा त्याच्यावर विश्वास बसला. डॉक्टरांचा नाही. पथ्य पाळूनही आतडं सुधारत नसेल, तर त्या आजाराचा तो पुढचा, वाईट प्रकार असू शकतो. त्यात कॅन्सरची भीती असते. पुन्हा एंडोस्कोपी करायची आणि स्टिरॉइड्स सुरू करायची, असं ठरत होतं.

तेवढ्यात त्याच्या मॅनेजरने त्याला इटलीला पाठवायचं काढलं. मिलानमध्ये क्लायंटकडे नवी सिस्टिम बसवायची होती. तीन महिने.

‘नाही म्हणता येणार नाही का?’ मी विचारलं.

‘नाही म्हटलं तर बेंचवर बसवतील, म्हणजे बिनकामाचा. बेंचवरचा माणूस फार दिवस ठेवत नाहीत, ताई. व्हिसा गेला की सगळंच गेलं.’

डॉ. हॅन्सन हसले. ‘पास्ता आणि पिझ्झाच्या देशात? आल्यावर स्टिरॉइड्स सुरू करू. आधी देऊन उपयोग नाही.’

मी कधी इटलीला गेले नव्हते. पण शोधायला बसले आणि चकित झाले. तिकडे हा आजार लोकांना चांगला माहीत होता. सीलिअ‍ॅकच्या पेशंटचं पीठ, ब्रेड, पास्ता चक्क औषधांच्या दुकानात मिळायचा. आमच्याकडे अमेरिकेत तेव्हा पॅकेटवर गव्हाचा उल्लेख स्पष्ट करायचा कायदाही लागू झाला नव्हता. आम्ही कंपन्यांना फोन करकरून विचारायचो.

मी नचिकेतला तासभर समोर बसवलं. हॉटेल नको, किचन असलेलं अपार्टमेंट माग. एका कार्डावर मी इटालियनमध्ये चार ओळी छापून दिल्या. मला सीलिअ‍ॅक आहे, थोड्याशा पिठानेही मी आजारी पडतो, वगैरे. पास्ता बिनग्लूटेनचा असला तरी तो कुठल्या पाण्यात उकळला ते विचार. नेहमीच्या पास्त्याच्या पाण्यात पीठ उतरलेलं असतं. तळलेलं काही घेऊ नको, त्याच तेलात पावाच्या चुऱ्यात घोळवलेले कटलेट तळतात. रिसोटो, म्हणजे त्यांचा मऊ भात, चालेल. पण त्यात जो रस्सा घालतात तो पाण्यात विरघळवायच्या विकतच्या वडीचा असेल तर नको. त्या वड्यांमध्ये पीठ असू शकतं.

‘दोन शब्द पाठ कर,’ मी म्हटलं. ‘सेन्त्सा ग्लूतिने. ग्लूटेनशिवाय.’

त्याने ते शाळेतल्या मुलासारखं दोनदा म्हणून दाखवलं. काकूंनी विचारलं, ‘डबे भरून देऊ का बरोबर?’ तो म्हणाला, ‘नको आई, बॅगेत सांडतं.’ काकू तेवढ्या दिवसांसाठी मुलीकडे न्यूजर्सीला गेल्या.

पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. मला वाटलं, आजारी पडला.

‘ताई, क्लायंटने डिनरला नेलं. मी कार्ड दाखवलं. वेटर आत गेला आणि शेफच बाहेर आला. म्हणाला, रिसोटो देत नाही, आजचा रस्सा वडीचा आहे. थांबा, दुसरं करतो. आणि केलं! टेबलावर कोणी एक शब्द बोललं नाही. कोणी म्हटलं नाही की एवढ्याशाने काय होतंय.’

शेफने दुसरं काय केलं, ते मी विचारून फाइलमध्ये लिहून ठेवलं.

मग ईमेल येत राहिले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई त्याला ओळखायला लागल्या. घरी तो भात, अंडी, बटाटे, लोण्यात परतलेल्या भाज्या करायचा. मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा तिकडे मिळतो, पोलेंटा, तो त्याला आवडायला लागला. एका मेलमध्ये लिहिलं होतं, ‘फोडणी मला जमत नाही, तेवढीच आठवते.’ मी ते वाचलं आणि पुढे गेले.

तो परत आला तेव्हा गाल भरलेले होते. आकडा निम्म्याच्या खाली आला होता. डॉ. हॅन्सन यांनी लॅबला फोन करून आकडा बरोबर असल्याची खात्री करून घेतली. स्टिरॉइड्सचा विषय बाजूला पडला. काकू न्यूजर्सीहून आल्या, मुलाकडे बघून रडल्या आणि त्याच्या आवडीचं रांधायला लागल्या.

पुढच्या तपासणीत आकडा पुन्हा वर गेला होता.

आता संशय घ्यायला एकच जागा उरली होती. मी सुपरवायझर लिंडाला सांगितलं, ‘मला त्यांचं किचन बघायचंय.’

‘आपण होम व्हिजिट करत नाही.’

‘त्यांच्या जेवणात काय पडतं ते इथे बसून कळणार नाही.’

‘एकदाच जा,’ ती म्हणाली. ‘आणि चार्टवर लिही.’

शनिवारी गेले. बाहेर बर्फ साचलं होतं. आत किचन लख्ख होतं, कुठल्याही प्रयोगशाळेने शिकावं असं. काकूंनी ज्वारीचं पीठ दाखवलं, घरी दळलेलं. मसाले दाखवले. सगळं ठीक. मी म्हटलं, ‘काकू, रोजच्यासारखा स्वयंपाक करा. मी नुसती बघते.’

त्यांनी वरणाला तेल तापवलं. मोहरी टाकली. ती तडतडल्यावर एक छोटी डबी उघडून चिमूटभर पिवळी पूड टाकली. मग भाजीला तेच. मग ताकाला.

‘हिंग खडा आणून कुटता का?’ मी विचारलं.

‘नाही गं, तो कुठे मिळतो इथे? हा इंडियन स्टोअरमधला.’

खरा हिंग म्हणजे झाडाचा चीक. तो इतका उग्र असतो की तसाच वापरता येत नाही. म्हणून विकायच्या पुडीत तो पिठात मिसळतात, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. आम्हाला हे कॉलेजात शिकवलं होतं. काकूंच्या लेखी हिंग हा मसालाच नव्हता, मिठासारखा होता. मसाल्यांबद्दल विचारलं तेव्हा तो त्यांना आठवला नाही, आणि मीही नाव घेऊन विचारलं नव्हतं. ही छोटी डबी ज्यातून भरायच्या, ती दुकानातली मोठी डबी मागून पाहिली. घटकांमध्ये गव्हाचं पीठ होतं.

नचिकेत मला दाराशी नेऊन हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, मी सांगतो तिला. नंतर. सावकाश.’

मला ते पटलं नाही. मुलाने सांगितलं तर ते आईच्या कानाला तक्रारीसारखं लागेल, असं मला वाटलं. मीच गॅस बंद केला आणि सोप्या शब्दांत सांगितलं. यात तुमची चूक नाही, हे दोनदा सांगितलं. डॉक्टरांनाही माहीत नव्हतं, हेही सांगितलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘म्हणजे तिकडे माझ्या हातचं नव्हतं, म्हणून बरा होता.’

‘तसं नाही काकू. फक्त हिंग बदलायचा.’

‘हो,’ त्या म्हणाल्या आणि कढईतली भाजी कचऱ्यात ओतली. मग वरण. मग ताक.

त्यानंतर त्यांनी फोडणी केली नाही. मी तांदळाच्या पिठातला हिंग शोधून दिला. डबी न उघडताच राहिली. मीठ घालतानाही त्या मुलाला हाक मारून विचारायच्या, ‘हे चालेल ना?’ तो चिडायचा, मग माफी मागायचा. शेवटी तो बाहेरून बिनग्लूटेनच्या तयार जेवणाची पाकिटं आणायला लागला आणि काकू तिकीट अलीकडचं करून घेऊन नागपूरला परत गेल्या. विमानतळावर त्यांनी त्याला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, ‘आता तू लवकर बरा होशील बघ.’

तो बरा झाला. वर्षभरात आकडा नॉर्मल झाला. डॉ. हॅन्सन यांनी कॉन्फरन्समध्ये ही केस मांडली, माझं नावही घेतलं.

दोन वर्षांनी तो शेवटचा तपासणीला आला. नुकताच नागपूरहून आला होता. मी विचारलं, ‘आईने काय काय करून घातलं?’

‘उकडलेले बटाटे,’ तो म्हणाला. ‘आणि केळी. तीन आठवडे. मी म्हटलं आई, साधं वरण तरी कर. म्हणाली, नको रे, तू परत गेल्यावर तिकडे खा.’

आता नव्या डाएटिशियनना शिकवताना मी हिंगाचा धडा आधी देते. डबीवरचे घटक वाचा, आणि घरात जो स्वयंपाक करतो त्याला पहिल्याच भेटीत बोलावून घ्या. वाईट बातमी आईला द्यायची असेल तर मुलावर सोडू नका, स्वतः द्या, हळू द्या, चूक कोणाची नाही ते सांगा. मी हे सगळं केलं होतं. काकूंच्या बाबतीत त्याचा उपयोग झाला नाही.