बाजाशेठचा शिक्का

बाजाशेठना मी फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्यांच्या आठवणी सांगताना मीही त्यांच्या शेजारी भला माणूस म्हणून बसून राहीन.

जुन्नरला त्यांचं धान्याचं दुकान होतं. वजनांवर दरवर्षी सरकारी शिक्का मारून आणण्यात ते कधी हयगय करत नसत. गाण्याच्या वेडापायी त्यांनी दुकानामागच्या कोठीत रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला आणि गावानं त्यांना बाजाशेठ करून टाकलं. मी तिथे कीबोर्ड वाजवायचो. मला ते 'मास्तर' म्हणत.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. शेठनी परदेशी कंपनीच्या डिस्क मागवल्या. खऱ्या वाद्यवृंदाचा एकेक सूर त्यांत भरलेला. मी पट्टी दाबली की कॉम्प्युटरमधून चाळीस व्हायोलिनं उठत. मढ गावचे कोंडीभाऊ मेंढरं भावाच्या हवाली करून ओव्या रेकॉर्ड करायला आले, ते हेडफोन काढून कोठीभर बघत राहिले. "शेठ, येवढी मान्सं दडवली कुठं राव? च्या तरी पाजा त्यांना."

"ती आपली नाहीत, भाऊ," शेठ हसून म्हणाले. "आपल्याला फक्त वाजवायची परवानगी. ती पण एकाच मशीनवर." डिस्कबरोबर आलेल्या नंबराला ते शिक्का म्हणत. "शिक्क्याचं माप उसनं देत नसतात, मास्तर."

मी दिलं. मंचरला माझ्या मित्रानं नवा स्टुडिओ काढला होता. "इरजण दिल्यानं दही कमी व्हतं का रं?" तो म्हणाला. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. एका दुपारी डिस्कची नक्कल केली आणि नंबरही त्याला लिहून दिला. त्यानं तो पुढे किती जणांना दिला, कोण जाणे.

पुढे शेठनी नवा कॉम्प्युटर घेतला. त्यावरच्या नव्या सॉफ्टवेअरला जुन्या डिस्क चालेनात. तेच सूर नव्या सॉफ्टवेअरसाठी पुन्हा विकत घ्यायचे होते. मात्र जुन्या नोंदलेल्या गिऱ्हाइकाला निम्म्याहून कमी किंमत होती. शेठची सगळी मदार त्या सवलतीवर. पूर्ण किमतीला घ्यायचं तर दुकान गहाण टाकावं लागलं असतं. आम्ही नंबर पाठवला.

उत्तराची ई-मेल मीच वाचून दाखवली. शेठना इंग्रजी येत नसे. हा नंबर इतर अनेक ठिकाणी वापरात आहे, नोंदणी रद्द, सवलत नाही.

शेठ पडद्याकडून माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमच्याकडून कुणाला गेलं का?"

"नाही, शेठ."

"मग लिहा त्यांना." ते सांगू लागले आणि मी टाईप करू लागलो. शेवटचं वाक्य होतं, "माझा माणूस खोटं बोलत नाही, त्याची हमी माझी." त्याचं इंग्रजी मीच केलं. बोटं अडखळली, तेव्हा शेठना वाटलं, मला शब्द सापडत नाही. "सावकाश लिहा," ते म्हणाले.

कंपनीनं ऐकलं नाही. कुणीतरी चोरीची प्रत देऊ केली, तर शेठनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. कोंडीभाऊंच्या उरलेल्या ओव्या नुसत्या ढोलावर झाल्या आणि त्यानंतर कोठीत पुन्हा ज्वारीची पोती आली. मी आळेफाट्याला एका शाळेत लागलो.

शेठ जैन. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, घरोघर जाऊन हात जोडायचे. माझ्याकडे तर आळेफाट्यापर्यंत एसटीनं येत. "मिच्छामि दुक्कडम्, मास्तर. जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर क्षमा करा." मीही तेच शब्द परत म्हणायचो. ते गेल्यावर बायको विचारायची, "तुम्हाला एवढा घाम का फुटतो?"

एका वर्षी ते आले नाहीत. गुडघे गेल्याचं कळलं. आता जायची पाळी माझी होती. संवत्सरीला गेलो असतो तर माझी माफी सगळ्यांच्या माफीत खपून गेली असती, म्हणून मुद्दाम एरवीच्याच एका दिवशी गेलो. शेठ गल्ल्याशेजारी खुर्चीत बसले होते.

"या मास्तर. आज काय काढलंत?"

मी बसलो नाही. हात जोडले. "शेठ, ती डिस्क मी दिली होती, मंचरला. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो, आणि तुमची हमी माझ्याच हातानं टाईप केली. यात अजाणता काही नव्हतं, शेठ. सगळं जाणून केलं. मला क्षमा करा."