थाई मिस्त्रींची ना-हरकत

"सारं खरं लिवजा, मॅडम," असं म्हणूनच मिस्त्री माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायचे. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट खिशातून काढून टेबलावर ठेवायचे आणि काम संपेपर्यंत त्यावर एक बोट टेकवून बसायचे.

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, डोक्याला गमछा बांधून सायकलवर फिरणारे. तोंड उघडेपर्यंत परके वाटायचे. उघडलं की मिलमधल्या हमालांची झाडीबोली बाहेर पडायची. ते थायलंडचे. इथल्या एका राईस मिलनं तांदळातला काळा दाणा वेचून फेकणारी मशीन आणली आणि ती चालवायला यांना दोन वर्षांच्या व्हिसावर बोलावलं. मी एसटी स्टँडसमोर लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते, म्हणून ते माझ्याकडे आले.

पहिल्या वर्षी त्यांच्या आडनावानं मला घाम फोडला. पासपोर्टावर ते पूर्ण होतं, पॅन कार्डावर अर्धंच उतरलं होतं. संगणक दोघांना एक माणूस मानायला तयार नव्हता.

"मंग मी कोनता खरा?" मिस्त्रींनी विचारलं.

पुढे शेतीच्या उत्पन्नाचा रकाना आला. मी तो सोडून देत होते, तर ते म्हणाले, "मिरची हाय. तेलाच्या डब्ब्यात लावली."

"विकता का?"

"नाही. वाटून राह्यलो."

"वाटून म्हणजे लोकांना देता, की पाट्यावर वाटता?"

त्यांनी थोडा विचार केला. "दोन्ही."

ती मिरची मी लिहिली नाही. त्यांना मात्र ते बरेच दिवस पटलं नाही.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात त्यांचा करार संपला. व्हिसा ऑगस्टपर्यंत होता, पण व्हिसावर त्याच मिलचं नाव असल्यामुळे दुसरीकडे काम करता येत नव्हतं. घरी जायचं तर आयकर खात्याचं ना-हरकत पत्र हवं होतं. त्यासाठी मालकानं लिहून द्यायचं होतं, की या माणसाचा काही कर निघालाच तर मी भरीन. एका पानाचा कागद, एक सही. मिस्त्रींना घाई होती. आषाढी पौर्णिमेच्या आधी त्यांचा मुलगा पावसाळ्यातल्या वर्षावासासाठी भिक्खू होणार होता आणि त्याच्या हातात चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, बापानं द्यायचं, अशी त्यांच्याकडची रीत.

मी स्वतः मिलच्या सेठकडे गेले. सेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा पाजला.

"मैडम, साइन किया तो ये कल चला जायेगा," तो म्हणाला. "फिर मशीन कौन देखेगा? दुसरा आदमी आने दो."

दुसरा माणूस काही येत नव्हता. मिस्त्री रोज कामावर जात होते, कारण जायला दुसरी जागाच नव्हती. माझ्याकडे येऊन विचारायचे, "सही झाली काय?" जसं काही सेठ माझ्याकडेच बसत होता.

जूनमध्ये ते यायचे थांबले. नंतर कळलं, मिलमध्ये झाडलोट करणाऱ्या सुशीलाबाईंना ते मशीन शिकवत होते. बाईंना मशीनवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बटणांवर आपल्या कपाळाच्या टिकल्या लावल्या. हिरवी दाबली की चालू, लाल दाबली की बंद. बाकी सगळं मिस्त्रींनी त्यांना कानानं शिकवलं. दाणा अडकला की आवाज कसा बदलतो, हवा कमी पडली की कसा.

"काऊन शिकवता एवढं?" मी एकदा बाजारात विचारलं.

"माह्यं काम त्या बाईले आलं, का मी मोकळा," ते म्हणाले.

पण पौर्णिमा थांबली नाही. समारंभाच्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले, कारण मिलवर नेट धड चालत नव्हतं. पूर्ण वेळ उभेच राहिले. फोनवर मुंडण केलेला एक मुलगा गुडघ्यांवर बसलेला दिसत होता. मिस्त्रींच्या मोठ्या भावानं त्याच्या हातात चीवर दिलं. इकडे मिस्त्रींचेही दोन्ही हात पुढे झाले होते, रिकामे.

फोन बंद करून ते खुर्चीत बसले. मी त्या वर्षीचं विवरणपत्र उघडलं. गेल्या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिलात, असा प्रश्न होता.

"सारेच," ते म्हणाले.

ऑगस्टच्या सुरुवातीला सेठ आठवडाभर बाहेरगावी गेला. मशीन सुशीलाबाईंनी एकटीनं चालवली, आणि एकाही पोत्याची तक्रार आली नाही. परत आल्यावर सेठनं गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून सही केली. माझ्याकडे बघत म्हणाला, "मैंने कब मना किया था?"

ना-हरकत पत्र आलं तेव्हा व्हिसाचे चार दिवस उरले होते. गोंदिया स्टेशनवर मी पोचवायला गेले. मिस्त्री गाडीत जाऊन बसले ते कागदांची फाईल छातीशी धरूनच. कोणी तरी मागून हाक मारेल अशी भीती असल्यासारखे ते सरळ समोर बघत होते. गाडी हलल्यावरच त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. तोवर मी मागे पडले होते.

दिवाळीच्या आधी मिलच्या कामगारांचे कागद घ्यायला गेले, तेव्हा सुशीलाबाई मशीनजवळ उभ्या होत्या. माहेरी कधी जाणार, असं मी सहज विचारलं.

"कायची जातो, मॅडम. सेठ म्हनते, तू गेली तं मशीन कोन पाह्यते?"

बाईंनी मशीनच्या पलीकडे हात केला. तिथं एक तरुण बाई हातातली झाडणी खाली ठेवून, डोळे मिटून मशीनचा आवाज ऐकत होती.

"शिकवून राह्यली तिले," सुशीलाबाई हळूच म्हणाल्या.