मायच्या तोंडावरचा मास्क

ऑक्सिजन लावला म्हणजे माणूस गेलाच, असं आमच्या लोकांत पक्कं ठरलेलं होतं. गुजराती मुलखातल्या लिंबायतच्या आमच्या चाळीतून दवाखान्यात जाऊन ज्याच्या तोंडाला तो मास्क लागला, तो परत आलेला कुणी पाहिला नव्हता. अहो, ते जायचेच अगदी शेवटच्या घटकेला! पण बोल लागायचा तो मास्कला.

सत्तरनंतरची गोष्ट. माझी माय राहत्या खोलीतच खानावळ चालवायची. खानदेशातून यंत्रमागावर कामाला आलेली एकटी माणसं आमच्याकडे जेवायची, आणि त्यांच्या भाकऱ्या व्हायच्या भुशाच्या शेगडीवर. धूर वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो म्हणून शेजारीण रोज तोंड सोडायची, म्हणून माय दार लोटून घ्यायची. अजूनही त्या बाईचा राग येतो मला. मायला आधी खोकला लागला, मग दम लागायला लागला, पुढे ओठ निळसर दिसू लागले आणि पाय सुजले. आम्ही काय करावं? एरंडाची पानं गरम करून पायांना बांधत बसलो.

एका सकाळी तव्यासमोरच तिचा श्वास कोंडला. वडिलांनी आणि मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंडाला रबरी मास्क लावला, तसे वडील भिंतीला टेकून खालीच बसले. दुपारी फुई आली, म्हणजे वडिलांची बहीण. येताना गडूत गंगाजल आणि तुळशीचं पान घेऊनच आली. कुणाला काही न विचारता तिने मायच्या तोंडावरचा मास्क वर केला आणि पाणी घातलं. मायला असा ठसका लागला की नर्स धावत आली आणि तिने फुईला बाहेर काढलं.

झालं! आता मायला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे, फक्त आपल्यालाच सांगत नाहीत. आमची पाठ वळली की ती मास्क काढून उशीखाली सारायची. तासाभरात ओठ पुन्हा निळे.

डॉक्टर गुजराती होते. मी गुजराती शाळेत शिकलेली, म्हणून त्यांनी मलाच बाजूला घेतलं. म्हणाले, "बेन, फुफ्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त चांगल्या हवेच्या भागाकडे वळावं, म्हणून शरीराचीच ती युक्ती. पण तुमच्या आईच्या सगळ्या फुफ्फुसातच ऑक्सिजन कमी आहे. मग सगळ्याच वाहिन्या आवळल्यात. त्यातून रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकली, म्हणून पाय सुजले. ऑक्सिजन मिळाला तर त्या वाहिन्या थोड्या सैल होतील. सारखा काढला, तर मी काही करू शकणार नाही."

मला ते लगेच कळलं. कारागीर नसेल त्या मागाला सूत देत नाहीत, तसंच हे. पण सगळेच माग बंद पडले तर आलेलं सूत ठेवायचं कुठे? मी वळले तर मायच्या तोंडावर मास्क नाही.

समजावलं, हात जोडले. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. म्हणते, "जगवायला लावतं का कुणी हे?"

माझं डोकंच फिरलं. भीतीही तेवढीच होती. उशीखालचा मास्क ओढला आणि सरळ माझ्या तोंडाला लावला. "घे! बघ, मरते का मी! बघ ना!"

माय ताडकन उठून बसली. जिला कूस बदलायला दम लागत होता, ती! "काढ ते! तुझं लग्न व्हायचंय अजून, अभद्र कुठली!" मी काढेना. तिने माझ्या तोंडावरचा मास्क हिसकावला.

"माले दे," ती धापा टाकत म्हणाली. "तुले नको."

आणि तो स्वतःच्या तोंडावर दाबून धरला.

हळूहळू पायांची सूज उतरली. पण तिला पटलं होतं असं मुळीच नाही. मी वॉर्डाच्या दारात दिसले, की ती दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरायची, मी पुन्हा तो घेईन म्हणून.