अमेलियाचा घास

सेलिन तुस्कानोच्या नाकावर माशी बसलेली दुबई मरीनात कुणी पाहिली नव्हती. वसईकडची ही बाई समुद्रासमोरच्या एका रेस्टॉरंटात नव्या वेटरांना तयार करी, आणि तिचा एक नेम होता. नव्या माणसाने आधी काही दिवस स्वतः काट्या-सुरीने जेवायचं, तेही तिच्यासमोर बसून. ज्याला धड खाता येत नाही तो दुसऱ्याला काय वाढणार, असं तिचं म्हणणं. केरळचे, नेपाळचे भलेभले गडी तिच्यापुढे ताटलीतल्या मटारांमागे धावून रडकुंडीला येत. सेलिनला त्यात मजा वाटे, खोटं कशाला बोला.

मोझांबिकची अमेलिया मात्र पहिल्याच दिवशी अशी जेवली की सेलिन बघत राहिली. सुरीचा आवाज नाही, कोपर अंगापासून सुटत नाही, शीतही सांडत नाही. त्या दिवसापासून सेलिन नव्या पोरांना सांगू लागली, "यल्ला, चला, अमेलियाचे हात बघा आणि शिका." असं कुणी म्हटलं की अमेलिया मान खाली घाली. सेलिनला वाटे, लाजते बिचारी.

जानेवारीत एका सकाळी धुकं उतरलं ते हलेचना. मरीनातल्या टॉवरांचे पाय नाहीसे झाले आणि वरचे मजले नुसतेच तरंगत राहिले. नाश्त्याची माणसं उठून गेली होती. पांढऱ्या टेबलक्लॉथांवर असा काही उजेड पसरला होता की आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळू नये. अमेलिया येऊन समोर बसली. दोघींचं बोलणं इंग्रजीत चाले. ते मराठीत सांगायचं तर असं.

"मॅडम, शुक्रवारी मी लीव्हवर घरी चाललेय. त्याआधी मला एक गोष्ट शिकवाल?"

"तुला? तुला काय शिकवायचं राहिलंय?"

"हाताने जेवायला."

सेलिनला आधी थट्टाच वाटली. पण अमेलिया हसत नव्हती.

तिने सांगितलं ते असं. तिच्या देशात पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा काळ्या माणसाला 'सुधारलेला' ठरायचं तर घरात पोर्तुगीजच बोलावं लागे, टेबलावर काट्या-सुरीने जेवावं लागे. तसा कागद मिळाला की वेठबिगारी चुके, मुलांना बरी शाळा मिळे. ते तपासायला आजोबांच्या घरी पोर्तुगीज साहेब येऊन बसला आणि त्यांना जेवताना बघत राहिला. आजोबा पास झाले. आजीने काटा खाली ठेवला, हाताने चार घास खाल्ले आणि ती उठून आपल्या गावी निघून गेली, ती कायमचीच. मुलं आजोबांकडे राहिली. राज्य गेलं, साहेब गेला, पण आजोबांच्या टेबलावरचा नियम गेला नाही. अमेलिया त्याच टेबलावर वाढली.

"आजी अजून आहे, मॅडम. नव्वदीची. मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. चुलतभाऊ म्हणतो, ती पाहुण्याला आपल्याच ताटात जेवायला बसवते. मी तिथे काटा मागू?"

सेलिनच्याही गावावर तेच पोर्तुगीज राज्य करून गेले होते. देव देऊन गेले, आडनाव देऊन गेले. हाताने जेवणं मात्र तिच्या घरात तसंच राहिलं. आणि या पोरीला आपण रोज चारचौघांत उभी करून तिच्या हातांचं कौतुक करत होतो. सेलिनला स्वतःची लाज वाटली.

तिने पॅन्ट्रीतून आपला डबा आणला. भात आणि सुरमईचं कालवण. दोघींनी हात धुतले.

"बोटं जुळव. फक्त पेरांनी घास घे, तळव्याला लागू देऊ नको. आता अंगठ्याने पुढे ढकल. आणि एका ताटात बसलीस तर आपल्या बाजूचंच घ्यायचं."

अमेलियाचा भात मनगटावरून ओघळला. कालवण हनुवटीला लागलं. ती लहान मुलीसारखी हसू लागली, मग रडू लागली, आणि तरी खात राहिली. बाहेर एक बोट भोंगा वाजवत गेली. ती दिसली नाही. शुक्रवारपर्यंत दोघी रोज त्याच डब्यात जेवल्या.

नंतरच्या आठवड्यात व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबडे आरवत होते, कुणीतरी म्हातारं माणूस मोठ्याने बोलत होतं.

"मॅडम, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा होता आणि नारळाच्या रसातला पाला. मी तुम्ही शिकवलात तसा घास घेतला. आजी बघतच राहिली. चुलतभावाने सांगितलं, ती म्हणते, हा हात आपल्याकडचा नाही, कुठल्या परमुलखातल्या बाईने शिकवलंय हिला. मग तिने माझी बोटं धरली, सगळी पुन्हा वळवली. तुमचं सगळं शिकवणं मोडलं तिने. अजून माझा हात सोडत नाहीये." मध्येच म्हातारा आवाज काहीतरी म्हणाला. "थांबा, ती रागावतेय. म्हणते, आधी जेव."